डॉक्टरांवरील कारवाई रुग्णाला कोणी सांगावी?

दवाखान्यात पाऊल ठेवताना आपण डॉक्टरांची वेळ विचारतो, फी विचारतो, एखाद्या वेळी पदवीची पाटीही वाचतो. ‘डॉक्टर, आपल्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे काय?’ असे मात्र कोणी विचारीत नाही. विचारणे उद्धटपणाचे वाटते, आणि आजारी माणसाच्या अंगी तेवढे बळही नसते. मग ही गोष्ट त्याला सांगावयाची कोणी? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१८ साली ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले. ते उत्तर सहजासहजी मिळाले नाही.

त्या राज्यात डॉक्टरांना परवाना देणे आणि त्यांच्या गैरवर्तनाची चौकशी करणे हे काम तेथील वैद्यक मंडळाकडे असते. दोषी ठरलेल्या प्रत्येक डॉक्टरचा परवाना काढून घेतला जातोच असे नाही. पुष्कळदा परवाना रद्द करण्याचा आदेश काढून तो स्थगित ठेवला जातो आणि डॉक्टरला काही वर्षे ‘प्रोबेशन’वर, म्हणजे मंडळाच्या देखरेखीखाली आणि अटींवर, व्यवसाय करू दिला जातो. कोणाला अमली पदार्थांसाठी वेळोवेळी तपासणी करून घ्यावी लागते, कोणाला ठरावीक औषधे लिहून देण्यास मनाई असते, तर कोणाला स्त्री-रुग्णाला तपासताना तिसरी व्यक्ती हजर ठेवावी लागते.

दवाखाना मात्र चालूच असतो. असा डॉक्टर ज्या रुग्णालयांत काम करी, त्या रुग्णालयांना आदेशाची प्रत देणे त्याला भाग असे. त्याचा व्यावसायिक विमा उतरविणाऱ्या कंपनीलाही द्यावी लागे. रुग्णाला मात्र काही सांगण्याचे बंधन नव्हते. तपासणीच्या खोलीत ती तिसरी व्यक्ती का उभी आहे, हे तिला ठाऊक, डॉक्टरला ठाऊक. तपासून घेणाऱ्या स्त्रीला ठाऊक नसे. आम्हांला ह्या साऱ्या प्रकरणात हीच बाब सर्वांत बोचरी वाटते.

माहिती दडविलेली नव्हती, हेही खरे. मंडळाच्या संकेतस्थळावर डॉक्टरचे नाव घालून शोधले असता ती सापडत असे. परंतु ज्याला संशय आहे तोच शोध घेतो, आणि रुग्ण तर विश्वास ठेवूनच डॉक्टरकडे गेलेला असतो. म्हणूनच ग्राहक संघटनांची मागणी अशी होती की, शोधण्याचा भार रुग्णावर न टाकता सांगण्याचा भार डॉक्टरवर टाकावा. वैद्यक संघटनांचा त्याला विरोध होता. प्रोबेशनचा हेतू डॉक्टरला सुधारण्याची संधी देणे हा आहे. प्रत्येक रुग्णाला सांगत बसल्यास दवाखाना ओस पडेल व ती संधीच नाहीशी होईल, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. २०१६ साली आलेले विधेयक संमत झाले नाही.

पुढे लॅरी नासर ह्या डॉक्टरने मुली व तरुणींवर केलेल्या अत्याचारांचा खटला गाजला. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगन राज्यात त्याला शिक्षा झाली, आणि लोकमत बदलले. सिनेटर जेरी हिल यांनी मांडलेल्या विधेयकावर गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये स्वाक्षरी केली. १ जुलै २०१९ पासून दिल्या जाणाऱ्या प्रोबेशनच्या आदेशांना तो कायदा लागू झाला. अमेरिकेत अशा प्रकारचा हा पहिलाच राज्य कायदा. डॉक्टरने पहिल्या भेटीपूर्वीच रुग्णाला लेखी कळवावयाचे: आपण प्रोबेशनवर आहोत, ते किती काळाचे आहे, केव्हा संपते, कोणती बंधने आहेत, आणि अधिक माहिती कोठे मिळेल. त्या कागदावर रुग्णाची सही घ्यावी लागते. तातडीच्या उपचारांत किंवा रुग्ण बेशुद्ध असल्यास सूट आहे.

येथे एक खुलासा अगत्याचा आहे. केवळ तक्रार झाली म्हणून कोणाला असे सांगावे लागत नाही. त्यासाठी मंडळाचा अंतिम आदेश असावा लागतो. शिवाय कायदा काही मोजक्या बाबींपुरताच आहे: लैंगिक गैरवर्तन, रुग्णाला अपाय करणारी किंवा उपचार असुरक्षित करणारी व्यसनाधीनता, रुग्णाच्या हानीशी संबंधित गुन्ह्याची शिक्षा, आणि अयोग्य औषधे लिहून देऊन केलेला अपाय. घोर निष्काळजीपणामुळे प्रोबेशन मिळालेल्या डॉक्टरने रुग्णास काही सांगण्याची सक्ती त्यात नाही. ही त्रुटी आम्हांला लहान वाटत नाही. दोषाची माहिती वरिष्ठांपुरती ठेवल्याने काय अनर्थ होतो, हे बोस्टन धर्मप्रांतातील प्रकरणे २००२ साली उघडकीस आली तेव्हा ख्रिस्तसभेलाही फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले.

आपल्याकडे स्थिती निराळी आहे. वैद्यक परिषद दोषी डॉक्टरचे नाव नोंदवहीतून कायमचे किंवा ठरावीक काळासाठी काढू शकते, आणि त्या काळात त्याला व्यवसाय करता येत नाही. व्यावसायिक वर्तनाचे २००२ चे राष्ट्रीय नियम सांगतात की, नाव काढल्याची वार्ता स्थानिक वृत्तपत्रांतून ठळकपणे प्रसिद्ध व्हावी. (२०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले.) मुदत संपवून परतलेल्या डॉक्टरने रुग्णाला काही सांगावे, असे कलम मात्र त्यांत नाही. म्हणजे शोधण्याचा भार येथे अजून रुग्णावरच आहे.

त्यासाठी हाती असलेले साधन म्हणजे नोंदणी क्रमांक. तो दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठी, दाखला व पैशांची पावती ह्या तिन्हींवर लिहिणे हे त्याच नियमांनी डॉक्टरवर बंधनकारक केले आहे. अॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांच्या परिषदा वेगळ्या आहेत, तेव्हा नाव एका ठिकाणी सापडले नाही म्हणून लगेच डॉक्टर बोगस असे समजू नये. चिठ्ठीवर क्रमांक नसेल, तर तो मागून घेण्यात कोणाचा अवमान होत नाही.