गुरुजी, हे खरंच घडलं का?

मंडळी, ऐतिहासिक कादंबरी वाचून झाली की वर्गातलं एखादं पोर विचारतंच, "गुरुजी, हे खरंच घडलं का?" काय उत्तर द्याल?

रशियन लेखक टॉलस्टॉय यांची 'युद्ध आणि शांती' ही कादंबरी घ्या. ती १८६५ ते १८६९ या काळात छापून आली. तिच्यातली ऑस्टरलिट्झची लढाई खरी. २ डिसेंबर १८०५ रोजी तेथे फ्रान्सचा बादशहा नेपोलियन याने रशिया व ऑस्ट्रिया यांच्या फौजांचा पराभव केला. पण हाती निशाण घेऊन धावणारा आणि घायाळ होऊन पडणारा सरदारपुत्र आंद्रेई हा कल्पनेतला. तो आभाळाकडे बघत पडला आहे. तेवढ्यात घोड्यावरून नेपोलियन येतो आणि हा मेलाच असे समजून त्याच्या मरणाची वाखाणणी करतो. आजवर ज्याला थोर मानले, तो बादशहा त्या अफाट आभाळाखाली आंद्रेईला अगदी चिमुकला वाटतो.

ही भेट कधी झालीच नाही. मग लेखकाने ती का घातली? बादशहाचे आयुष्य कागदपत्रांनी बांधलेले; ते हवे तसे वळवता येत नाही. कल्पित माणूस मोकळा असतो. त्याच्या डोळ्यांनी थोरामोठ्यांचे माप घेता येते.

तेव्हा पोरांना सांगा, "बाळांनो, लढाई, तारीख, हारजीत इतिहासाच्या पुस्तकाशी ताडून पाहा. भेटी आणि बोलणी लेखकाची समजा. ती उत्तरपत्रिकेत लिहू नका, पण मनात जरूर ठेवा."