जुन्या कॅम्पर व्हॅनच्या खिडक्यांचे सुटे भाग

कॅम्पर व्हॅनच्या खिडक्यांचे सुटे भाग म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मोटारगाडीच्या खिडकीची काच, ती धरून ठेवणारी रबरपट्टी, चौकट, सरकपट्ट्या, बिजागऱ्या आणि खिट्ट्या. गाडीचे उत्पादन थांबले की हे भाग गाडीच्या नावाने मिळेनासे होतात. मग ते मोजमापावरून शोधावे, दुसऱ्या वाहनाचे जुळवून घ्यावे किंवा नव्याने बनवून घ्यावे लागतात. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः जुन्या मॅटाडोर व टेम्पो ट्रॅव्हलर गाड्यांपासून केलेल्या कॅम्पर व्हॅनच्या बाबतीत उद्भवतो. रत्नागिरी–गणपतीपुळे सागरी मार्गावरील आरे-वारे यांसारख्या किनाऱ्यांवर थांबणाऱ्या गाड्यांच्या खिडक्यांना खारी हवा, लाल धूळ आणि पावसाळा या तिन्हींना तोंड द्यावे लागते.

पार्श्वभूमी

कॅम्पर व्हॅन हा प्रकार युरोपात रुजला. फोक्सवॅगनच्या टाइप २ या गाडीचे उत्पादन 1950 मध्ये सुरू झाले आणि तिच्यात खाटा, कपाटे व झडपांच्या खिडक्या बसवून तिचे फिरते घर करण्याची पद्धत जर्मनीत लवकरच प्रचलित झाली. 1960 व 1970 च्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे अशा अनेक गाड्या भारतात आल्या. त्यांतील बऱ्याच प्रवाशांचा शेवटचा मुक्काम गोव्यात असे. 1979 मधील इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांनंतर हा मार्ग जवळजवळ बंद पडला.

भारतीय कॅम्परचा इतिहास मात्र पुण्याशी जोडलेला आहे. 1958 मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो या कंपनीने आकुर्डी येथील कारखान्यात 1969 पासून मॅटाडोर ही गाडी जर्मन आराखड्यावरून बनवली. 1987 मध्ये याच कंपनीने टेम्पो ट्रॅव्हलर बाजारात आणली; तिचा आधार मर्सिडीज-बेंझची टी१ ही गाडी होती. कंपनीचे नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झाले. रुग्णवाहिका, शाळेची बस आणि सहलीची गाडी अशी कामे करून निवृत्त झालेल्या या गाड्या आत उभे राहण्याजोगी उंची आणि सोपी रचना यांमुळे कॅम्परसाठी निवडल्या जातात.

या दोन्ही नावांनी भाग शोधताना घोळही होतो. मराठी बोलण्यात ‘टेम्पो’ म्हणजे कोणतेही लहान मालवाहू वाहन आणि ‘मॅटाडोर’ म्हणजे जवळजवळ कोणतीही व्हॅन असा अर्थ रूढ झाला आहे. त्यामुळे दुकानात ‘मॅटाडोरची काच’ मागितल्यास भलत्याच गाडीची काच पुढे येण्याचा संभव असतो. मिलिमीटरमधील माप आणि रबराचा कापून आणलेला तुकडा यांचा उपयोग नावापेक्षा अधिक होतो.

किनारी हवामानाचा परिणाम

आरे आणि वारे या गावांच्या पुळणी शेजारी शेजारी असून त्यांच्यामधून जाणारा रस्ता टेकडीवर चढतो व पुन्हा समुद्राच्या पातळीवर उतरतो. किनारा पश्चिमेकडे उघडा आहे. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे मिठाचे सूक्ष्म कण गाडीच्या पत्र्यावर आणून सोडतात. रात्री जमिनीकडून वाहणारे मतलई वारे जांभ्याची लाल धूळ आणतात. मीठ हवेतील ओलावा शोषून घेते, धूळ तो ओलावा धरून ठेवते, आणि खिडकीच्या रबराखालची फट या दोहोंचे साठवणघर बनते. जून ते सप्टेंबर या काळात रत्नागिरी जिल्ह्यात साधारण 3,000 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. या पावसात जुन्या खिडकीचा दोष उघडा पडतो, पण त्याची सुरुवात बहुधा आधीच्या कोरड्या महिन्यांत झालेली असते.

खिडकीतून गळणारे पाणी दिसते त्याच जागी शिरलेले असते असे नाही. ते रबराच्या खाचेतून खाली उतरते, पत्रा व आतील प्लायवुड यांच्यामधल्या पोकळीत जाते आणि कित्येकदा गाडीच्या तळाशी किंवा खाटेखाली प्रकट होते. तोवर खिडकीच्या खालच्या कडेचा पत्रा आतून गंजलेला असतो. अशा गंजलेल्या कडेवर नवे रबर बसवणे हा पैशांचा अपव्यय ठरतो, कारण रबराला पकडण्यासाठी धड कडच उरलेली नसते. म्हणून जाणकार कारागीर जुनी काच काढल्यावर आधी पत्र्याची कड तपासतात. गंज घासून, गरज पडल्यास तेवढाच तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडतात, त्यावर प्रायमर व रंग देतात आणि मगच काचेचे माप घेतात. हा क्रम उलटा झाल्यास आधी बनवून घेतलेली काच दुरुस्त झालेल्या गाळ्यात बसत नाही.

ॲल्युमिनियमची चौकट पोलादी पत्र्यावर थेट टेकली असेल तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंचा एक लहानसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. चौकटीच्या कडेला जमणारी पांढरी भुकटी ही त्याची खूण होय. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घातल्यावरही हेच घडते. दोन धातूंच्या मध्ये रबर, ब्युटाइलची पट्टी किंवा रंगाचा अखंड थर असणे हाच यावरील उपाय आहे.

खिडक्यांचे प्रकार

जुन्या व्हॅनमध्ये सर्वसाधारणपणे चार प्रकारच्या खिडक्या आढळतात. पहिली रबरात बसवलेली स्थिर काच. तिच्या रबराचा छेद रोमन लिपीतील आडव्या ‘एच’ अक्षरासारखा असतो. एक खाच पत्र्याची कड पकडते व समोरची खाच काच पकडते. दुसरी बससारखी सरकती खिडकी, जिच्यात काचा ॲल्युमिनियमच्या पट्टीतील मखमली अस्तरावरून सरकतात. तिसरी वरच्या बाजूला बिजागरी असलेली, बाहेर उघडणारी खिडकी. युरोपीय कॅम्परमध्ये ही दुहेरी ॲक्रिलिकची असते. चौथी झडपांची खिडकी होय.

कोकणातील हवामानाला तिसरा प्रकार सर्वांत मानवतो, कारण पाऊस चालू असतानाही ती थोडी उघडी ठेवता येते. भाग मिळण्याच्या दृष्टीने मात्र सरकती खिडकी सर्वांत सोयीची आहे. बसबांधणीच्या कार्यशाळा तिच्या पट्ट्या, अस्तर व खिट्ट्या रोजच वापरतात.

मोजमाप

बदली काच मिळवताना पहिला प्रश्न ती सपाट आहे की वक्र, हा असतो. पोलादी फूटपट्टी काचेवर उभी, आडवी व तिरपी धरून पाहिल्यास याचे उत्तर मिळते. सपाट काच जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवून बनवून घेता येते. वक्र काचेसाठी साचा लागतो. एका काचेसाठी तो करणे परवडत नाही. तेव्हा भंगारातील त्याच गाडीची काच शोधणे किंवा त्या जागी सपाट काचेची चौकट बसवणे हेच पर्याय उरतात.

रबरात बसणाऱ्या काचेचे माप जुन्या काचेवरून घेणे उत्तम. ती फुटलेली असल्यास गाळ्यावरून हिशेब करतात. गाळा 900 × 450 मिलिमीटर आहे आणि रबराच्या दोन खाचांच्या तळांमधील जाडी 6 मिलिमीटर आहे असे मानल्यास प्रत्येक बाजूने 6 वजा करून काच 888 × 438 मिलिमीटर येते. कोपऱ्याची त्रिज्या गाळ्यात 80 असेल तर काचेत ती 74 होते. कोपरे गोल असल्याने गाळ्याचा परीघ 2,700 न भरता सुमारे 2,563 मिलिमीटर भरतो. रबर याहून किंचित, साधारण एक टक्का, लांब कापून टोके एकमेकांवर दाबून बसवतात. कालांतराने रबर आकसते आणि नेमके मापाने कापलेले रबर सांध्यात उघडे पडते. सांधा वरच्या कडेच्या मध्यावर ठेवल्यास खाली साचणारे पाणी त्यात शिरत नाही.

रबर निवडताना लांबीपेक्षा छेद महत्त्वाचा असतो. पत्र्याच्या कडेची जाडी, काचेची जाडी आणि दोन खाचांमधील अंतर ही तीन मापे जुळली तर ते रबर मुळात बस, ट्रॅक्टर की मच्छीमार नौकेच्या केबिनसाठी बनले होते याने फरक पडत नाही. पत्र्याची कड मात्र रंग व गंज काढल्यावरच मोजावी लागते.

भाग मिळण्याची ठिकाणे

आरे-वारे येथे सुटे भाग मिळत नाहीत. जवळचे शहर रत्नागिरी होय. तेथील मिरकरवाडा हे मोठे मासेमारी बंदर आहे आणि नौकांच्या दुरुस्तीमुळे फायबरचे काम करणारे कारागीर अशा बंदरांच्या परिसरात असतात. तुटलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवरून साचा काढून फायबरची नवी चौकट करणे हे त्यांच्या नेहमीच्या कामापेक्षा फारसे वेगळे नाही. मोठ्या कामासाठी आंबा घाटातून कोल्हापूर गाठता येते. तेथील शिवाजी उद्यमनगर व शिरोली भागांत ओतकाम व यंत्रकामाची जुनी परंपरा असून तुटकी बिजागरी किंवा खिट्टी नमुन्यावरून बनवून घेणे शक्य होते. पुण्यातील नाना पेठ ही वाहनांच्या सुट्या भागांची बाजारपेठ आहे, तर मुंबईत कुर्ला परिसर जुन्या गाड्यांच्या भागांसाठी ओळखला जातो.

ट्रॅव्हलरचे मूळ जर्मन असल्यामुळे युरोपातून टी१ चे भाग मागवण्याचा मोह होतो. परंतु युरोपात सरकता दरवाजा सहसा उजव्या बाजूस असतो, तर भारतात प्रवाशांचा दरवाजा डाव्या बाजूस लागतो. त्यामुळे खिडक्यांची मांडणी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटते. शिवाय भारतीय गाडीत पुढे बरेच बदल झाले. मूळ समान असले तरी माप पडताळल्याशिवाय भाग मागवणे धोक्याचे असते.

काच आणि ॲक्रिलिक

वाहनांच्या बाजूच्या खिडक्यांना टफन्ड काच वापरतात. साधी काच मापाने कापून, कडा घासून व लागतील ती छिद्रे पाडून नंतर भट्टीत 600 अंश सेल्सियसहून अधिक तापवतात आणि हवेच्या झोतांनी झपाट्याने थंड करतात. अशी काच फुटल्यास तिचे बोथट दाणे होतात. एकदा टफन केलेली काच पुन्हा कापता किंवा भोकता येत नाही. तसा प्रयत्न करताच ती पूर्ण फुटते. ‘थोडी मोठी घेऊन घासून बसवू’ ही कल्पना येथे चालत नाही. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली असते. घराच्या खिडकीची साधी काच गाडीत बसवणे स्वस्त पडते, पण अपघातात तिचे लांब, धारदार तुकडे होतात. सुरक्षित काचेच्या कोपऱ्यात प्रमाणचिन्ह छापलेले असते: भारतात आय.एस.आय.चे, युरोपीय काचेवर वर्तुळातील ‘ई’ आणि देशाचा क्रमांक (जर्मनीसाठी 1).

ॲक्रिलिक हलके असते व उष्णता कमी वाहते, पण तापल्यावर ते काचेच्या कित्येक पट प्रसरण पावते. एक मीटर लांबीचा तुकडा 30 अंशांच्या फरकाने सुमारे 2 मिलिमीटर वाढतो. म्हणून स्क्रूची छिद्रे मोठी ठेवावी लागतात; नाहीतर छिद्रापासून तडे जातात. थिनर किंवा पेट्रोलने पुसल्यास त्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते.

युरोपीय ॲक्रिलिक खिडकीच्या आतील व बाहेरील चौकटी मधली भिंत चिमट्यासारखी पकडतात. ती भिंत कारवानमध्ये साधारण 25 ते 30 मिलिमीटर जाड असते, तर व्हॅनचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. ही उणीव गाळ्याभोवती आतून पाणरोधक प्लायवुडची चौकट चिकटवून भरून काढतात. पत्र्यात नवा गाळा कापायचा असल्यास आतील उभ्या पोलादी फासळ्या टाळाव्या लागतात, कारण छताचा भार त्यांच्यावर असतो.

बसवण्याची पद्धत

रबर प्रथम काचेवर चढवतात. पत्र्याच्या खाचेत 4 ते 5 मिलिमीटर जाडीची मजबूत दोरी सर्व बाजूंनी भरून तिची टोके खालच्या बाजूस आत सोडतात. साबणाचे पाणी लावून एक जण बाहेरून काच गाळ्यावर दाबतो आणि दुसरा आतून दोरी हळूहळू ओढतो. दोरी निघताना रबराचा ओठ उलटून पत्र्याच्या कडेवर बसतो. ग्रीस किंवा इंजिन ऑइल वापरल्यास ई.पी.डी.एम. रबर फुगते व सैल होते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉनही पत्र्यावर टाळतात, कारण ते सुकताना निघणारे आम्ल उघड्या धातूला गंज चढवते.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात. लाल माती आणि मीठ यांनी ती बुजली की पट्टीत पाणी साचून आत ओसंडते आणि दोष मात्र रबराला दिला जातो. नवे भाग शोधण्यापूर्वी ही छिद्रे तारेने मोकळी करून बादलीभर पाणी ओतून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

कायदेशीर व सुरक्षाविषयक बाबी

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 100 नुसार वाहनांच्या काचा सुरक्षित प्रकारच्या असाव्या लागतात. पुढील व मागील काचेतून किमान 70 टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश पार जावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरबदलांना आळा घालते. त्यामुळे तुटलेली काच त्याच मापाच्या काचेने बदलणे आणि प्रवासी गाडीचे कॅम्परमध्ये रूपांतर करणे या कायद्याच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कारवान पर्यटन धोरण स्वीकारले.

भाग मिळत नाही म्हणून उघडणाऱ्या खिडकीच्या जागी कायमची बंद काच किंवा पत्रा बसवण्याची तडजोड अनेकदा केली जाते. झोपण्याच्या जागेजवळची खिडकी आग लागल्यास किंवा गाडी उलटल्यास बाहेर पडण्याची दुसरी वाट असते. गॅसची शेगडी वापरल्या जाणाऱ्या बंद गाडीत रंग व वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. अशी खिडकी बंद करायची झाल्यास छताला व तळाला कायम उघडी राहणारी हवेची झरोके ठेवतात आणि बाहेर पडण्यासाठी दुसरी एखादी खिडकी आतून हाताने उघडेल अशी करून घेतात.