जुलाबात लेकराचं पाणी तोडू नका

‘पाणी दिलं की जुलाब वाढतात’ ही समजूत राहुरीच्या वस्त्यांतही ऐकू येते. तथागतांनी शिकवलं, ऐकीव गोष्ट पारखून घ्या. ही पारखू.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे आणि प्रत्येक पेशीला पातळ पडदा असतो. आतड्यातल्या पेशींच्या पडद्यात एक खास दार असतं. मीठ आणि साखर जोडीनं आली की ते उघडतं. दोन्ही आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणीही. पटकीतसुद्धा हे दार चालू राहतं. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजून पटकीचे मृत्यू कितीतरी कमी केले.

ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात कालवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला. मीठ वाढवू नका. चमच्या-चमच्यानं पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा. उरलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या.

लेकरू सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसलं, तर पाणी पाजत-पाजतच सरकारी दवाखाना गाठा.