मोठें शिकारी कुत्रें घरीं आणावें काय?

पनवेल शहरांत व त्याच्या भोंवतीं वसलेल्या नव्या वसाहतींत पहांटे फेरफटका मारणाऱ्यास एक दृश्य हटकून दिसतें. साखळीच्या एका टोकाला रुंद छातीचें, आडदांड, प्रसन्न मुद्रेचें कुत्रें असतें आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या मागें फरफटणारा मालक असतो. कोणी कोणास फिरावयास आणलें आहे हें पाहणाऱ्यास चटकन् सांगतां येत नाहीं. तें कुत्रें बहुधा लॅब्रॅडॉर असतें. कधीं सोनेरी केसांचें गोल्डन रिट्रीव्हर, तर क्वचित् एखादें पॉइंटर किंवा सेटर. अशा कुत्र्याचें पिलूं दोन महिन्यांचें असतांना इतकें लोभस दिसतें कीं, तें घरीं आणण्याचा निर्णय बहुतेक कुटुंबांत विचारानें होतच नाहीं. तो मुलांच्या हट्टानें होतो. आणि पुढें दीड वर्षांनीं तेंच कुत्रें दुसऱ्या कोणास देऊन टाकण्याचा घाट घातला जातो. त्या वेळीं दोष कुत्र्याचा मानला जातो. वास्तविक कुत्रें आपल्या जातिधर्मास अनुसरूनच वागत असतें. तो जातिधर्म काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

हीं सारीं बंदुकीच्या शिकारीसाठीं घडविलेलीं कुत्रीं होत. युरोपांत उडत्या पक्ष्यांवर बंदूक चालविण्याची पद्धति रूढ झाली, तेव्हां शिकाऱ्यास निरनिराळ्या कामांसाठीं निरनिराळे मदतनीस लागूं लागले. पॉइंटर वासावरून पक्ष्याचा माग काढून एक पाय उचलून, नाक त्या दिशेला रोखून पुतळ्यासारखें उभें राहतें. सेटर तेंच काम दबून, जमिनीशीं अंग नेऊन करतें. स्पॅनियल झुडपांत घुसून पक्षी उठवितें. आणि रिट्रीव्हर, म्हणजे परत आणणारें, गोळी लागून चिखलांत किंवा पाण्यांत पडलेला पक्षी शोधून, दांत न रुतवितां, मालकाच्या हातांत आणून देतें. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कोळ्यांबरोबर बर्फासारख्या पाण्यांत दोर व जाळीं ओढीत असत. एकोणिसाव्या शतकांत तीं जहाजांतून इंग्लंडांत आलीं, तेथील उमरावांनीं तीं जोपासलीं आणि १९०३ सालीं इंग्लंडच्या केनेल क्लबानें त्यांस स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. गोल्डन रिट्रीव्हरचा उगम स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांतला. लॉर्ड ट्वीडमाउथ यांनीं १८६८ सालीं एका पिवळ्या नराचा जलस्पॅनियल जातीच्या मादीशीं संयोग घडवून आणला. त्या वंशांतून ही जात पुढें आली.

याचा अर्थ असा कीं, थंड हवेंत, ओल्या रानांत, दिवसाचे सहा-आठ तास नाकानें व पायांनीं काम करीत राहावें, यासाठीं पिढ्यान् पिढ्या निवडून काढलेला हा प्राणी आहे. आपल्याकडे त्याची बंदूक मात्र गेलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक निर्बंध घातले आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर ती जवळजवळ पूर्णपणें बंद झाली. पनवेलपासून दहा-बारा किलोमीटरांवर कर्नाळ्याचें पक्षी अभयारण्य १९६८ पासून आहे. पण पक्ष्यांसाठीं जन्मलेल्या या कुत्र्यास तेथें प्रवेश नाहीं, आणि तें योग्यच आहे. बंदूक गेली, पक्षी गेले, राहिली ती अंगांतली उमेद. ही उमेद कोठें खर्ची पडणार, या एका प्रश्नावर कुत्रें घरांत सुखानें नांदेल कीं नाहीं हें अवलंबून असतें. खोल्या किती आहेत, घर केवढें आहे, हे प्रश्न त्या मानानें दुय्यम होत.

तोंडांत वस्तु धरण्याची संवय घ्या. पक्षी अलगद आणण्यासाठीं ज्याचें तोंड घडविलें, तें कुत्रें पक्षी नसल्यास चपला आणतें, टॉवेल आणतें, आजोबांचा चष्मा आणतें. हा खोडकरपणा नव्हे; ही त्याची चाकरी होय. तिला वळण लावतां येतें. ती मारून मोडतां येत नाहीं. कोंकणच्या घरांत या संवयीचा एक खास धोका आहे. आंब्याच्या मोसमांत केराच्या टोपलींतील कोय गिळल्यानें आंतडें तुंबतें आणि पोट फाडून ती काढावी लागते. मोजे व लहान मुलांचीं खेळणीं यांविषयींहि तेंच. कांदा, द्राक्षें व बेदाणे आणि चॉकलेट हीं कुत्र्यास विषासमान आहेत. शिऱ्यांतले बेदाणे निवडून कोणी देत नाहीं, म्हणून शिराच देऊं नये.

लॅब्रॅडॉरच्या अधाशीपणाची तर शास्त्रीय मीमांसाहि झालेली आहे. केंब्रिजच्या संशोधकांनीं २०१६ सालीं दाखवून दिलें कीं, या जातीच्या सुमारें एक चतुर्थांश कुत्र्यांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो व त्यामुळें पोट भरल्याची जाणीव मेंदूस नीट पोंचत नाहीं. तेव्हां तें केविलवाण्या डोळ्यांनीं ताटाकडे पाहूं लागलें म्हणजे उपाशीच आहे असें समजण्याचें कारण नाहीं. तीस किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्यास दिवसाला साधारण चौदाशें उष्मांक पुरतात, म्हणजे जवळजवळ पांच वर्षांच्या मुलाइतका आहार. घरांतील चार माणसांनीं प्रत्येकीं प्रेमानें एकेक पोळी घातली कीं वर्षभरांत त्याचें पिंप होतें, आणि तो भार सांध्यांवर येतो.

आतां वेळेचा हिशेब. जवान रिट्रीव्हरला दिवसाकाठीं सुमारें दोन तास व्यायाम लागतो, आणि तोहि गच्चीवर मोकळें सोडून होत नाहीं. पनवेलची निम्मीअधिक नोकरदार मंडळी मुंबईकडे तोंड करून राहतात असें म्हटल्यास अतिशयोक्ति होईल, पण फारशी नव्हे. हार्बर मार्गाच्या लोकलनें मुंबईचें टोक गांठावयास सव्वा ते दीड तास लागतो. जाणें, येणें व कचेरी मिळून बारा तास सहज जातात. नवराबायको दोघेंहि नोकरीस, मुलें शाळेंत व शिकवणीस, आणि कुत्रें बंद दाराआड, अशी घराची घडी असेल, तर तेथें या जातीचें कुत्रें आणणें म्हणजे त्याच्यावर अन्याय करणें होय. तें भुंकतें, दाराचा रंग ओरबाडतें, गादी फाडतें. मग शेजारी तक्रार करतात. कुटुंबानें प्रामाणिकपणें बसून ठरवावें: पहांटे साडेपांच वाजतां उठणार कोण? ‘आम्ही सगळे मिळून पाहूं’ हें उत्तर आलें, तर कोणीच पाहणार नाहीं असें समजावें. एका माणसाचें नांव निघालें पाहिजे, आणि त्या माणसाच्या आजारपणांत दुसऱ्या एकाचें.

पहांट म्हटलें तें हौसेखातर नव्हे. कुत्र्यास आपल्याप्रमाणें सर्वांगानें घाम येत नाहीं. धापा टाकून, जिभेवरील व श्वासमार्गांतील ओलावा उडवून तें अंग निववितें. हवेंतच दमटपणा भरलेला असला म्हणजे हा ओलावा लौकर उडत नाहीं. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत किनारपट्टीची उष्णता देशावरच्या कोरड्या उष्णतेपेक्षां त्याला अधिक बाधते. त्याच्या शरीराचें नेहमींचें तपमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतें. तें ४१ च्या वर गेलें कीं जीव धोक्यांत येतो. धांवून आलेलें कुत्रें भेलकांडूं लागलें, हिरड्या लालभडक झाल्या, तर आधीं अंगावर गार पाणी ओतावें, पंख्याचा वारा घालावा, आणि मग पशुवैद्याकडे धांव घ्यावी. पाणी न ओततां रिक्षा शोधीत बसूं नये. रस्त्याच्या डांबरावर हाताची मागील बाजू पांच सेकंद ठेववत नसेल, तर त्यावरून कुत्र्यास नेऊं नये. कांहीं लोक उन्हाळ्यांत त्याचे केस मुळापासून उतरवितात. ते चुकतात. केसांचा दुहेरी थर ऊनहि अडवितो. त्याला रोज विंचरणें पुरे.

पावसाळा ही दुसरी परीक्षा. पाणी दिसलें कीं रिट्रीव्हर उडी घेणारच, मग तो वडाळे तलाव असो, गाढी नदी असो किंवा तुंबलेलें गटार असो. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि तो कुत्र्याकडून माणसासहि होऊं शकतो. त्याची लस रेबीजच्या लशीइतकीच आवश्यक मानावी. लोंबत्या कानांत ओल राहून कान कुजतात. गोचीड अंगांत ताप सोडतात. आठवडा-आठवडा बाहेर पडतां येत नाहीं, तेव्हां या उमेदीचें करावयाचें काय? येथें त्याचें नाक उपयोगी पडतें. भाकरीचे तुकडे पांच-सहा वाट्यांखालीं, कपाटामागें, पायपुसण्याखालीं लपवावे आणि त्याला शोधावयास सांगावें. जुना रुमाल लपवून तो आणवावा. पंधरा मिनिटांच्या अशा कामानें तें जितकें शांत होतें, तितकें तासभर साखळीनें फिरवून होत नाहीं, कारण हेंच त्याचें खरें काम आहे. जो मालक हें करावयास तयार आहे, त्याला तीन खोल्यांची जागाहि पुरते. आणि जो नाहीं, त्याला विस्तीर्ण अंगणहि पुरत नाहीं.

दिवाळींतल्या फटाक्यांविषयीं मात्र निश्चिंत राहूं नये. बंदुकीच्या कामाचें कुत्रें असूनहि लहानपणापासून संवय नसल्यास तें पलंगाखालीं थरथरत बसतें.

घरांतील वृद्धांचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. शेवाळलेल्या रस्त्यावर तीस किलोचें जनावर मांजर दिसतांच झेंप घेतें, साखळी सत्तर वर्षांच्या हातांत असते, आणि खुब्याचें हाड मोडतें. कुत्र्यास ओढ न घेतां चालावयास पहिल्या वर्षांतच शिकविलें पाहिजे. तें साधेपर्यंत वृद्धांच्या किंवा मुलांच्या हातीं साखळी देऊं नये. दुसरी गोष्ट जिन्याची. नव्या पनवेलांतील जुन्या सिडको इमारतींपैकीं कित्येकींना उद्वाहक नाहीं. या जातींत मांडीच्या खुब्याचा सांधा सदोष असण्याचें प्रमाण बरेंच आहे, आणि आयुष्य साधारण दहा ते बारा वर्षांचें असतें. शेवटचीं दोन-तीन वर्षें त्याला जिना चढवत नाहीं. तिसऱ्या मजल्यावरून रोज तीन वेळां त्याला उचलून खालीं नेण्याची ताकद तेव्हां घरांत कोणाकडे असेल? पिलूं आणतांना चाळिशींत असलेला गृहस्थ त्या वेळीं पन्नाशी ओलांडून गेलेला असेल आणि मुलें शिक्षणासाठीं परगांवीं असतील.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतां येईल. महानगरपालिकेकडे नोंद करावी व रेबीजची लस वेळच्या वेळीं टोंचून घ्यावी. गृहनिर्माण संस्थेस कुत्रें पाळण्यावर सरसकट बंदी घालतां येत नाहीं, असें प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत म्हटलें आहे. परंतु जिन्यांतील घाण मालकानेंच उचलावयाची, हेंहि तितकेंच खरें. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिलूं विकणें बेकायदा आहे. विकणारा पिलाची आई दाखवीत नसेल, तर तेथून तसेंच परत यावें. आईबापांच्या खुब्यांचीं क्षकिरणचित्रें मागावीं. बहुतेक ठिकाणीं तीं मिळत नाहींत, पण मागणाऱ्याकडे पाहून विक्रेत्याची नियत कळते.

हें सर्व वाचून ज्यांचा उत्साह मावळला, त्यांनीं गल्लींतल्या देशी कुत्र्याचें पिलूं पाहावें. ही हवा त्याच्या हाडींमाशीं खिळलेली असते, खाणें कमी लागतें, आणि वजन निम्म्यानें भरतें. कारवान किंवा मुधोळ हीं आपल्याकडचीं शिकारी कुत्रीं उन्हास काटक खरीं, पण तीं नाकापेक्षां डोळ्यांनीं शिकार करणारीं व वाऱ्यासारखीं धांवणारीं असल्यामुळें मोकळें माळरान नसलेल्या घरीं तींहि कोंडलीं जातात. आणि ज्यांना रिट्रीव्हरच हवें, पण पिलाच्या पहिल्या दोन वर्षांचा धुमाकूळ सोसणार नाहीं, अशा निवृत्त जोडप्यानें कोणीतरी सोडून दिलेलें पांच-सहा वर्षांचें कुत्रें घ्यावें. त्याची उमेद निवळलेली असते, खोड्या संपलेल्या असतात, आणि त्याचा स्वभाव समोर उघड दिसत असतो. घेण्यापूर्वीं आठवडाभर रोज त्याला भेटावें, स्वतः साखळी धरून तळ्याच्या काठानें चालवून पाहावें, आणि आठव्या दिवशीं दार उघडल्यावर तें कोणाकडे आधीं धांवतें तें पाहावें.