ऑडिशनच्या नावाखाली

मराठवाड्याला नाटकाचे वेड जुने. आपल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने आणि ‘जिगीषा’सारख्या संस्थेने मुंबईला कितीतरी रंगकर्मी दिले, चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी याच शहरातून गेले. त्यामुळे एखादी मुलगी ‘मुंबईला ऑडिशनला जाते’ म्हणाली, की घरात आधी कौतुक होते, मग काळजी. ही काळजी नेमकी कशाची, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये दिसले.

मालाडजवळच्या मढ येथील एका बंगल्यावर मुंबई पोलिसांनी छापा घातला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, वेब सिरीजमध्ये काम देतो म्हणून नवख्या मुलींना बोलावले जाई, करारावर सह्या घेतल्या जात आणि ऐन चित्रीकरणाच्या वेळी प्रसंगच बदलले जात. नकार दिला तर ‘झालेला खर्च भरून दे’ अशी धमकी. जुलैत एका उद्योजकाला अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले, सप्टेंबरमध्ये त्यांना जामीन मिळाला.

कॅमेऱ्याचा असा फास आपल्याला नवा नाही. अजिंठ्याचा घाट उतरून गेले की जळगाव. १९९४ मध्ये तिथले प्रकरण उघडकीस आले, तेव्हा कळले की मुलींना फसवून त्यांची छायाचित्रे घेतली जात आणि त्यांच्याच धाकाने पुन्हा पुन्हा बोलावले जाई. साक्ष द्यायला मुली पुढे येईनात. येणार तरी कशा? गुन्हा करणाऱ्यांपेक्षा ‘त्या मुली कोण’ याचीच चर्चा गावोगाव अधिक. पण ती छायाचित्रे निदान जप्त तरी करता येत होती.

इंटरनेटने तीही सोय ठेवली नाही. अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात कॉलेजच्या वयाच्या मुलींना मॉडेलिंगची जाहिरात दाखवून हॉटेलात बोलावले जाई. ‘डीव्हीडी फक्त परदेशात विकतो, इंटरनेटवर काही येणार नाही,’ अशी हमी दिली जाई आणि करार धड वाचूही न देता सही घेतली जाई. चित्रफिती इंटरनेटवरच आल्या. आईवडिलांना, मित्रांना, कॉलेजला दुवे गेले; कुणाचे शिक्षण सुटले, कुणाची नोकरी. २२ जणींनी दावा लावला आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने सुमारे १ कोटी २७ लाख डॉलरची भरपाई ठरवली. सूत्रधार पळाला, २०२२ मध्ये माद्रिदला सापडला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली.

‘पैसे घेतले, सही केली, मग तक्रार कसली?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ती मुलगी मेहनताना घेते एका दिवसाचा आणि चित्रफीत विकली जाते वर्षानुवर्षे. शिवाय शरीराची जोखीम तिचीच. हा धंदा कायदेशीर आणि नियमित तपासण्या होणाऱ्या लॉस एंजेलिसमध्येसुद्धा २००४ साली एका कलाकाराकडून तीन सहकारी स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली होती.

सॅन दिएगोच्या प्रकरणात न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट केली. चारशेहून अधिक स्त्रियांना त्यांच्या चित्रफितींची मालकीच देऊन टाकली, म्हणजे त्या हक्काने ‘काढून टाका’ म्हणू शकतील. आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशी तक्रार आल्यावर २४ तासांत कारवाई करण्याचे बंधन घातले. ही तक्रार त्या मुलीनेच केली पाहिजे असे नाही. तिच्या वतीने आई, भाऊ, कुणीही करू शकते.