नदीतला प्राणवायू कोण संपवतो?

अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनाला तुम्ही गेला असाल, तर तिथे प्रसादाचे जेवणही घेतले असेल. जेवणानंतर हात धुतलेत, ते पाणी पुढे कुठे गेले? गटारात, हे उघड आहे. पण गटारातून? पाणी उताराकडे धावते. वाटेत कोणी अडवले नाही, तर ते ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला मिळते. अक्कलकोट तालुक्यातली नदी म्हणजे बोरी. कुरनूरचे धरण हिच्यावरच आहे. ती पुढे भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला.

थोडे गणित करू या. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ४० हजार होती. भुयारी गटारे असलेल्या गावाची योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी होते असे मानतात. म्हणजे रोजचे ४३ लाख लिटर झाले! यात्रेकरूंची गर्दी यात धरलेलीच नाही.

गंमत अशी, की या सांडपाण्याच्या हजार भागांपैकी सुमारे ९९९ भाग नुसते पाणीच असते. मग उरलेला एक भाग नदीचे एवढे काय बिघडवतो? त्यात मैला, साबण, तेल, भाताची पेज, डाळीचे कण असतात. जीवाणूंना ही मेजवानीच! ते खातात, झपाट्याने वाढतात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. खरे नुकसान होते ते इथे.

तीस अंश सेल्सिअसच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. एक लिटर सांडपाण्यातली घाण पचवायला मात्र जीवाणूंना दोनशे-सव्वादोनशे मिलिग्रॅम लागतो. म्हणजे एक लिटर सांडपाणी तीस लिटर नदीचा प्राणवायू फस्त करणार. आपले ४३ लाख लिटर रोज जवळजवळ १३ कोटी लिटरांचा! हवेतून नवा प्राणवायू विरघळतो खरा, पण सावकाश. सोलापूरकडच्या उन्हाळ्यात तर नदीला धार नसते, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि जीवाणूंची भूक वाढते. मासे गुदमरतात. प्राणवायू पार संपला, की त्याच्याविना जगणारे दुसरे जीवाणू कामाला लागतात. पाणी काळे पडते, सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची युक्ती साधी आहे. ही मेजवानी नदीत होऊ द्यायची नाही, आधीच टाकीत उरकून घ्यायची! प्रथम जाळीत चिंध्या व कचरा अडकतो, मग वाळू आणि जड गाळ खाली बसतो. पुढच्या टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडतात. इथे जीवाणूंची दाटी असते. नदीत कित्येक दिवस चालणारे काम ते काही तासांत करतात. नंतर पाणी निवळू देतात. तळाशी बसलेला गाळ म्हणजे बहुतांशी जीवाणूच. त्यातले काही विरजणासारखे पुन्हा बुडबुड्यांच्या टाकीत सोडतात. आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टर येथे १९१४ साली ही रीत जगापुढे मांडली. शेवटी रोगजंतू मारण्यासाठी क्लोरीन घालतात.

तरीही पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरसची संयुगे काही प्रमाणात उरतातच. त्यावर शेवाळ आणि जलपर्णी पोसतात. असे पाणी शेतीला दिले, तर तीच संयुगे पिकाचे खत होतात.

तुम्ही विचाराल, वीज गेली तर? बुडबुडे थांबतील आणि टाकीतले जीवाणू काही तासांतच गुदमरू लागतील. म्हणून जिथे जमीन मुबलक आहे, अशा लहान गावांसाठी उथळ तळ्यांची रीतही वापरतात. तळ्यात हिरवे शेवाळ वाढते. सूर्यप्रकाशात ते प्राणवायू सोडते आणि त्यावर जीवाणू जगतात. ना पंप, ना वीज. मात्र या कामाला आठवडा-दोन आठवडे लागतात, जागाही कितीतरी जास्त लागते आणि रात्री शेवाळ स्वतःच प्राणवायू घेऊ लागते. ऊन तेवढे भरपूर हवे, आणि अक्कलकोटला त्याची वाण नाही.