उद्याचा दिवस कोणाच्या हाती?

सन २०२३ च्या सप्टेंबरात गोमंतकातील घराघरांत चवथीची लगबग सुरू झाली होती. माटोळीचे सामान कोठून आणायचे, मुंबई-पुण्याहून कोण कोण येणार, याच गोष्टी जो तो बोलत होता. नेमक्या त्याच दिवसांत अमेरिकेच्या मिशिगन, ओहायो, मिसुरी आदी राज्यांतील मोटार कामगारांची कुटुंबे घड्याळाच्या काट्याकडे डोळे लावून बसली होती. जनरल मोटर्स, फोर्ड आणि जुन्या क्राइस्लरची आजची वारसदार स्टेलँटिस या तीन बड्या कंपन्यांशी ‘युनायटेड ऑटो वर्कर्स’ या कामगार संघटनेने केलेला चार वर्षांचा करार १४ सप्टेंबरच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी संपत होता. सुमारे १,४६,००० कामगारांचा प्रश्न होता. उद्या सकाळी डबा घेऊन पाळीवर जायचे, की फलक घेऊन फाटकाबाहेर उभे राहायचे, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

आमच्या वाचकांस या दूरदेशीच्या भांडणाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. जगातील सधन राष्ट्राचे सधन कामगार अधिक पैसे मागतात, कंपन्या घासाघीस करतात आणि शेवटी कोठेतरी तडजोड होते, एवढाच त्याचा अर्थ असता तर त्यावर शाई खर्च करण्याचे आम्हांस कारण नव्हते. परंतु मोटार कामगारांच्या या वाटाघाटींचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की, मजुरीचा आकडा हे या भांडणाचे वरचे पांघरूण होय. त्याखाली जो खरा प्रश्न दडला आहे तो असा की, उद्याचा दिवस कसा असेल हे जाणण्याचा अधिकार कोणाचा? भांडवल गुंतवणाऱ्याचाच, की घाम गाळणाऱ्याचाही?

फ्लिंट या गावाची कथा यासाठीच पुनःपुन्हा सांगण्यासारखी आहे. १९३० च्या दशकात तेथील जनरल मोटर्सच्या कारखान्यांत मोटारीचा नवा नमुना काढण्याची वेळ आली म्हणजे कामगारांना घरी बसवीत. पुन्हा कोणास बोलवायचे आणि कोणास नाही, हे फोरमनच्या मर्जीवर अवलंबून असे. ज्याची मर्जी सांभाळली तो आत, उरलेले बाहेर! या टांगत्या तलवारीस आणि फिरत्या पट्ट्याच्या जीवघेण्या गतीस कंटाळून ३० डिसेंबर १९३६ रोजी कामगारांनी यंत्रे थांबविली आणि ते कारखान्यातच ठाण मांडून बसले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, बाहेर राष्ट्रीय रक्षक दलाचे जवान आले. परंतु राज्यपाल फ्रँक मर्फी यांनी त्या दलाचा उपयोग संपवाल्यांस हुसकावून लावण्यासाठी केला नाही. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी, जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने कामगारांच्या संघटनेस मान्यता दिली. पुढे जी सेवाज्येष्ठतेची यादी कारखान्यांत रुजली, तिने मर्जीच्या जागी नियम आणला. कामावरून कमी करण्याचा आणि परत घेण्याचा क्रम कामगारास आधी कळू लागला. पगारातील कोणत्याही वाढीपेक्षा हा लाभ लहान नव्हता, असे आम्ही मानतो.

पुढील वीस वर्षांत या संघटनेने जे मिळविले त्याची जातकुळीही हीच होती. १९४८ च्या जनरल मोटर्सच्या करारात भाववाढीशी निगडित मजुरीचे तत्त्व आले. आपल्याकडील महागाई भत्त्याचाच तो अमेरिकन भाऊ. वॉल्टर रूथर यांच्या नेतृत्वाखाली १९५० साली पाच वर्षांचा प्रदीर्घ करार झाला. त्यास ‘डेट्रॉइटचा तह’ असे भारदस्त नाव मिळाले, आणि निवृत्तिवेतन व आजारपणाच्या खर्चाची तरतूद त्यात आली. १९५५ साली फोर्ड कंपनीने बेकारीच्या दिवसांत सरकारी मदतीवर पूरक रक्कम देण्याचे मान्य केले. महागाई, म्हातारपण, आजार आणि बेकारी ही कष्टकऱ्याच्या घरावर घिरट्या घालणारी चार संकटे. त्या प्रत्येकास कराराचे एकेक कलम अडसर म्हणून लावले गेले.

हे अडसर एकेक करून निघत गेले, ती कथा अगदी अलीकडची आहे. २००७ च्या करारांनी नव्याने लागणाऱ्या कामगारासाठी वेगळी, जवळजवळ निम्म्या मजुरीची श्रेणी मान्य केली. बाप आणि मुलगा एकाच पट्ट्यावर एकच काम करीत असतील आणि मुलाच्या हाती निम्मे पैसे पडत असतील, तर त्या घरात संघटनेविषयी कोणती भावना राहील? २००९ साली जनरल मोटर्स आणि क्राइस्लर दिवाळखोरीत निघाल्या. सरकारने जनतेच्या पैशाने त्यांना उभे केले. त्या संकटात कामगारांनी भाववाढीशी निगडित मजुरी सोडली आणि ले-ऑफच्या काळात मिळणारे संरक्षणही गमावले. कंपन्या सावरल्या, नफा परतला, परंतु सोडलेले कलम परत आले नाही. २०२२ साली जनरल मोटर्सच्या प्रमुख मेरी बारा यांचे वार्षिक वेतन सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर, म्हणजे कंपनीतील मध्यम नोकराच्या वेतनाच्या ३६२ पट होते. त्याच कंपनीत हंगामी कामगार मात्र कायम होण्याची वर्षानुवर्षे वाट पाहत होते. संकट आले की ते सर्वांनी वाटून घ्यायचे आणि सुगी आली की ती मोजक्यांनी भोगायची, हा कोणता न्याय?

अशा पार्श्वभूमीवर शॉन फेन यांच्या नव्या नेतृत्वाने २०२३ मध्ये जी नीती योजिली ती अभ्यासण्यासारखी होती. पूर्वी संघटना तिघांपैकी एक कंपनी निवडून तिच्याशी आधी करार करी. या वेळी तिघींनाही एकदमच आव्हान दिले. पण सर्व कामगारांना बाहेर काढले नाही. मुदत संपण्याच्या जेमतेम दोन तास आधी फेन यांनी तीन कारखान्यांची नावे जाहीर केली : फोर्डचा वेन येथील, जनरल मोटर्सचा वेंट्झव्हिल येथील आणि स्टेलँटिसचा टोलीडो येथील. सुमारे १३ हजार कामगार बाहेर पडले, बाकीचे कामावर राहिले. पुढचा क्रमांक कोणाचा, हे कंपन्यांना कळू नये असा डाव होता. २२ सप्टेंबरला सुट्या भागांची ३८ गोदामे बंद पडली आणि ११ ऑक्टोबरला फोर्डचा केंटकी येथील मालमोटारींचा प्रचंड कारखाना. आजवर जी अनिश्चितता कामगाराच्या उशाशी निजत होती, ती या वेळी प्रथमच संचालकांच्या दालनात जाऊन बसली.

तथापि या डावाची किंमत कोणी मोजली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जो कारखाना संपात नव्हता तेथील कामगारही रोज रात्री उद्याच्या हाकेची वाट पाहत असे. सुटे भाग येईनासे झाले म्हणून संपात नसलेल्या कित्येकांना कंपन्यांनी घरी बसविले. संपवाल्यास संघटनेच्या निधीतून आठवड्यास ५०० डॉलर मिळत. वरच्या श्रेणीतील कामगाराच्या नेहमीच्या कमाईच्या निम्म्याहूनही ही रक्कम कमी होती. घराचा हप्ता मात्र संप जाणत नाही आणि वाण्याचे बिल वाटाघाटी समजत नाही. २६ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष बायडन स्वतः संपवाल्यांच्या रांगेत येऊन उभे राहिले, आणि पदावरील अध्यक्षाने असे करण्याची ती पहिलीच वेळ होती. परंतु अध्यक्ष त्याच दिवशी परतले, रांगेतील माणूस आणखी महिनाभर तेथेच होता.

अखेर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एकेक कंपनी समेटास आली. एप्रिल २०२८ पर्यंत मूळ मजुरीत टप्प्याटप्प्याने २५ टक्के वाढ, त्यातील ११ टक्के तत्काळ. भाववाढीशी निगडित मजुरी पुन्हा लागू. वरच्या श्रेणीस पोहोचण्याचा काळ आठ वर्षांवरून तीन वर्षांवर. आणि कारखाना बंद केल्यास त्याविरुद्ध संप करण्याचा अधिकार. हे यश लहान नव्हे. तरीही जनरल मोटर्समध्ये जेमतेम ५५ टक्के मते कराराच्या बाजूने पडली आणि ज्या फ्लिंटने १९३७ साली इतिहास घडविला, तेथील मोटार जुळणी कारखान्याने तर बहुमताने नकार दिला. कामगार कृतघ्न होता म्हणून नव्हे. एकदा हातचे गेलेले परत मिळविताना माणूस कागदावरील प्रत्येक शब्द तपासून घेतो, एवढाच त्याचा अर्थ.

येथे मराठी वाचकास १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपाची आठवण होणे अपरिहार्य आहे. डॉ. दत्ता सामंत यांच्या हाकेस ओ देऊन १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतील कितीतरी कोकणातले होते. ते गावी परतले, शेतातले भात खाऊन दिवस काढू लागले आणि उद्या गिरणी सुरू होईल या आशेवर महिने मोजू लागले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला आणि त्याबरोबर गिरणगावही विरले. डेट्रॉइटच्या संघटनेजवळ ८२ कोटी ५० लाख डॉलरचा संपनिधी होता, मागे परतण्याच्या वाटा तिने मोकळ्या ठेवल्या होत्या आणि शेवटचा शब्द कामगारांच्या मताचा होता. गिरणी कामगाराजवळ निष्ठेवाचून दुसरी शिदोरी नव्हती. निष्ठा थोर खरी, परंतु केवळ तिच्यावर चूल पेटत नाही.

पण चांगल्यातला चांगला करार झाला तरी उद्याची पुरती हमी मिळते काय? इलिनॉय राज्यातील बेल्व्हिडिअर येथील स्टेलँटिसचा कारखाना २०२३ च्या फेब्रुवारीत थांबला होता. तो पुन्हा उघडण्याचे वचन त्या वर्षीच्या करारात मिळाले. २०२४ मध्ये कंपनीने ते लांबणीवर टाकले. संघटनेने संपाचा इशारा दिल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये, २०२७ सालचा नवा वायदा जाहीर झाला. शिवाय विजेवर चालणाऱ्या मोटारीस इंजिन नको, गिअरपेटी नको. मग इंजिन जोडण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही कलमात पुरते मिळत नाही.

आणि हा प्रश्न केवळ सातासमुद्रापलीकडचा नाही. याच जनरल मोटर्सचा एक कारखाना पुणे जिल्ह्यात तळेगाव येथे २००८ साली सुरू झाला होता. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्री थांबविली, परदेशी निर्यातीसाठी काम काही काळ चालू ठेवले आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद केले. एका चिनी कंपनीस कारखाना विकण्याचा बेत फसला, शेवटी तो ह्युंदाईकडे गेला. मधल्या वर्षांत सुमारे १,४०० कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिले. डेट्रॉइटच्या कामगाराशी चर्चा करण्यास कंपनीला टेबलाशी बसावे लागले. तळेगावच्या कामगाराचे भवितव्य ज्या टेबलावर ठरले, तेथे त्याच्यासाठी खुर्चीच नव्हती. खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या तेव्हा दारातल्या उभ्या ट्रककडे पाहत बसलेल्या गोमंतकीयास या अवस्थेचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्या देशात चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत. संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस आता सर्वच उद्योगांत बंधनकारक आहे, ठराविक मुदतीच्या नेमणुकांस कायद्याचे अधिष्ठान मिळाले आहे, आणि कारखाना बंद करण्यास सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन १०० ऐवजी ३०० कामगारांपासून पुढे लागू होते. उद्योगास मोकळीक हवी, हे आम्हांस मान्य आहे. गोमंतकात कारखाने यावेत, येथील तरुणांस घराजवळ काम मिळावे, असे आम्हीही म्हणतो. परंतु संप करणाऱ्याने दोन आठवडे आधी सांगावे अशी अपेक्षा असेल, तर शेकडो घरांची चूल विझविणाऱ्या निर्णयाची वार्ता त्या घरांना किती आधी मिळावी? एकाच्या मोकळिकीसाठी दुसऱ्याची झोप गहाण ठेवणे हे सुधारणेचे लक्षण नव्हे.

आमचे मागणे फार मोठे नाही. वेर्णा, कुंडई, होंडा येथील औद्योगिक वसाहतींत सवलतीच्या दराने जमीन, पाणी आणि वीज घेणाऱ्या प्रत्येक उद्योगाने कामगारांच्या निवडलेल्या प्रतिनिधींस कारखान्याच्या पुढील वर्षाचे चित्र वेळेवर सांगावे, आणि सरकारने सवलतीच्या अटींतच हे कलम घालावे. कामगार संघटनांनीही घोषणांपेक्षा निधी आणि हिशेब यांकडे अधिक लक्ष द्यावे, आणि कोणताही करार सभासदांच्या गुप्त मतदानावाचून मान्य करू नये.

डेट्रॉइटचा चालू करार ३० एप्रिल २०२८ रोजी संपतो. दुसऱ्या दिवशी १ मे आहे. फेन यांनी इतर संघटनांनाही आपल्या करारांची मुदत त्याच सुमारास आणण्याचे आवाहन केले आहे. म्हणजे ती रात्रही तेथील हजारो घरांत जागूनच काढली जाणार. त्या रात्री तेथे काय ठरेल ते ठरो. तोवर आपल्या येथील किती कामगारांना आपला करार कोणत्या तारखेस संपतो हे सांगता येईल, आणि किती जणांपाशी मुळात करारच असेल, याचा शोध आपण आजपासून घ्यावयास हवा.